भंडारदऱ्याचं पाणी चढावर वाहतं का?

भंडारदरा धरणाविषयी वर्षानुवर्षं फिरणारं एक वाक्य आहे. हे धरण समुद्रसपाटीपासून १५० मीटर उंचीवर आहे आणि भारतातल्या सर्वात मोठ्या मातीच्या धरणांपैकी एक आहे, असं ते वाक्य सांगतं. पर्यटनाच्या पानांवर, हॉटेलांच्या माहितीत, शाळेच्या प्रकल्पवहीत, सहलीच्या पत्रकात ते मी वाचलं आहे. कधी शब्द थोडे बदललेले असतात, पण १५० चा आकडा तोच असतो.

यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. आणि हे ओळखायला धरणावर जावंही लागत नाही.

प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते. रतनवाडीवरून ती भंडारदऱ्याच्या जलाशयात येते, पुढे रंधा धबधब्यावरून खाली उडी घेते, राजूर, अकोले, संगमनेर असं करत पूर्वेला जाते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. संगमनेर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. आता भंडारदरा १५० मीटरवर असेल, तर तिथून सुटलेलं पाणी संगमनेरला यायला चारशे मीटर चढून यावं लागेल. पाणी उताराकडेच जातं, तेव्हा धरण साडेपाचशेच्या वरच असणार. प्रत्यक्षात जलाशयाची पातळी ७४० मीटरच्या आसपास आहे. १५० मीटर ही उंची कडा उतरून पलीकडे शहापूर तालुक्याच्या कोकणात गेलं की सापडते.

दुसरी गोष्ट मातीची. हे धरण दगडी बांधकामाचं आहे. भिंतीसमोर उभं राहिलेल्या कुणालाही काळा दगड दिसतो. उंची सुमारे ८२ मीटर, काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. म्हणून ‘१९१० साली बांधलेलं’ असं कुणी लिहिलं तर तेही अर्धंच खरं आहे. सुरू कधी झालं आणि संपलं कधी, यांत सोळा वर्षांचं अंतर आहे आणि त्या सोळा वर्षांत पहिलं महायुद्धही होऊन गेलं.

एवढी ढोबळ चूक टिकते कशी? कारण ती दहा ठिकाणी सापडते. आपण एका जागी वाचतो, खात्री करायला दुसरीकडे पाहतो, तिथंही तेच दिसतं आणि मन निर्धास्त होतं. पण त्या दहाही जणांनी एकाच कुणाकडून उचललेलं असेल, तर साक्षीदार एकच असतो. शहरांच्या बाबतीत अशी चूक लवकर पकडली जाते, कारण तिथं हजारो लोक वाचतात आणि शंभर जण भांडायला येतात. डोंगराळ भागाविषयी लिहिणारे बहुतेक बाहेरचे असतात, आणि ज्यांना खरं ठाऊक आहे ते आपल्या गावाविषयी कुठं काय छापून आलंय हे शोधत बसत नाहीत. त्यामुळे सह्याद्रीतल्या आडगावांची माहिती एकदा चुकली की पिढीभर चुकलेलीच राहते.

एकाच मूळ वाक्याच्या नकला ओळखायची एक सोपी खूण आहे. चूक आणि तपशिलाचा क्रम दोन्ही सारखे असतील, तर ती नक्कल आहे. दोन माणसं स्वतंत्रपणे खरी माहिती लिहू शकतात, पण दोघांनी स्वतंत्रपणे नेमकं १५० च चुकवावं हे होत नाही.

आता नावांकडे येऊ, कारण डोंगरी मुलखात निम्मा घोळ तिथंच होतो.

भंडारदरा ज्या तालुक्यात आहे त्याचं नाव अकोले. जुन्या इंग्रजी कागदांत ते ‘अकोला’ असं लिहिलं जायचं आणि २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी याद्यांतही या तालुक्याचं स्पेलिंग तसंच आहे. त्या याद्यांवरून यंत्राने पानं तयार झाली, त्या पानांवरून पुन्हा मराठीत भाषांतरं झाली, आणि सह्याद्रीतला अकोले तालुका कागदोपत्री ‘अकोला’ झाला. मग कुणीतरी त्याला विदर्भातल्या अकोल्याचं तापमान, तिथलं पीक आणि तिथला फोटो जोडतो. त्यात जिल्ह्याचं नावही बदललं. अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये झालं. २०२४ पूर्वीच्या कागदात अहमदनगर दिसलं तर तो कागद चुकीचा नाही, फक्त जुना आहे. जुन्या कागदातलं नाव खोडून नवं घालण्यापेक्षा दोन्ही नावं आणि बदलाचं वर्ष लिहावं, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला दोन्ही वाटा सापडतात.

घाटघरची गोष्ट तर याहून जपून पाहावी अशी. घाटघर नावाची दोन गावं मला माहीत आहेत. एक अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वर, कोकणकड्याच्या अगदी काठावर. दुसरं पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात, नाणेघाट आणि जीवधनच्या शेजारी. दोन्ही घाटमाथ्यावर, दोन्हीकडे तुफान पाऊस, दोन्हीकडून कोकण दिसतं. सरळ रेषेत मोजलं तर दोघांत तीसेक किलोमीटर, रस्त्याने मात्र शंभराहून जास्त. कुणी लिहिलं की ‘घाटघरला काल दोनशे मिलिमीटर पाऊस झाला’, तर कुठल्या घाटघरला? घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावाला घाटघर म्हणावं हे इतकं साहजिक आहे की असं नाव एकाच ठिकाणी असेल असं धरून चालणंच धोक्याचं. वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव, खिरेश्वर, रतनवाडी, कुठलंही नाव घ्या, सोबत तालुका लिहिल्याशिवाय ते पुरं होत नाही. जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला, म्हणजे महसूल खात्याच्या नोंदीतल्या गावाला, क्रमांक दिलेला असतो. दोन गावांत गल्लत होतेय अशी शंका आली की तो क्रमांक जुळवून पाहावा. नावं सारखी निघतील, क्रमांक वेगळा निघेल.

जाता जाता सांगतो, भंडारदऱ्याच्या परिसरात पाणी खरोखर चढावर जातं ते एकाच जागी, याच अकोल्याच्या घाटघरला. तिथं २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी कोकणाच्या बाजूला सोडून वीज करतात आणि मागणी कमी असताना तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात.

गाव म्हणजे काय, हाही प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. महसुली गाव वेगळं, ग्रामपंचायत वेगळी आणि माणसं प्रत्यक्ष राहतात ती वाडी वेगळी. डोंगरात एका महसुली गावात चार-पाच वाड्या, पाडे विखुरलेले असतात, मधे ओढे आणि टेपाडं. जनगणनेचा आकडा या सगळ्यांचा मिळून एक. शिवाय छोटी गावं असली की दोन-तीन मिळून गट ग्रामपंचायत असते. त्यामुळे एका ठिकाणी लोकसंख्या आठशे दिसते, दुसऱ्या ठिकाणी एकवीसशे, आणि दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. एक गावाचा, एक ग्रामपंचायतीचा. आकडा तपासायच्या आधी तो कशाचा आहे हे विचारावं लागतं.

आणि कधीचा आहे हेही. आज कुठल्याही गावाच्या पानावर जी लोकसंख्या दिसते ती २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची ठरली आहे. म्हणजे त्या आकड्यासोबत ‘२०११ च्या जनगणनेनुसार’ हे शब्द नसतील तर तो आकडा दिशाभूल करतो. यात डोंगराची आणखी एक गुंतागुंत आहे. २०११ ची घरोघर मोजणी फेब्रुवारीत झाली. घाटमाथ्यावर भात आणि नागली-वरईचं काम दिवाळीच्या सुमाराला आटोपतं, त्यानंतर कितीतरी कुटुंबं मजुरीला खाली उतरतात. अकोले-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली माणसं नारायणगावच्या बाजूला बागायतीच्या कामांना जातात हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. फेब्रुवारीत पाहिलेलं गाव आणि आषाढात आवणीच्या वेळी पाहिलेलं गाव, यांत माणसांचा फरक पडतो. जनगणनेत नेहमीचं राहण्याचं ठिकाण धरण्याचे नियम आहेत, पण महिनोन्महिने कुलूपबंद असलेल्या घराची नोंद किती नीट होते हा प्रश्न उरतोच.

वाडीची स्वतंत्र नोंद नसणं ही कागदावरची बारीक त्रुटी वाटेल. इर्शाळवाडी आठवा. १९ जुलै २०२३ ची रात्र, रायगड जिल्ह्यातला खालापूर तालुका, इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वस्ती. तिथं गाडीरस्ता नव्हता. दरड कोसळल्यावर बचावपथकांना अंधारात, पावसात, निसरड्या पायवाटेने वर चढावं लागलं. ही वाडी दरडीचा धोका असलेल्या ठिकाणांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच त्यानंतर सांगितलं. शोधकार्य थांबवलं तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. आज कुणी ‘इर्शाळवाडीत २७ मृत्यू’ एवढंच लिहिलं, तर त्याने खोटं काही लिहिलेलं नाही, पण त्या ५७ माणसांना वाक्यातून काढून टाकलं आहे.

माळीणचंही तसंच. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गेलं. बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती एसटीच्या ड्रायव्हरकडून. रोजच्या फेरीवर आलेल्या त्या माणसाला गाव जागेवर दिसलं नाही. दीडशेहून जास्त माणसं गेली. पुढे २०१७ मध्ये गावाचं पुनर्वसन जवळच आमडे इथं झालं. आता ‘माळीण’ म्हणून नकाशावर टिंब कुठं द्यायचं? जुन्या जागी दिलं तर तिथं कुणी राहत नाही. नव्या जागी दिलं तर २०१४ ची घटना तिथं घडल्यासारखी दिसते. दोन टिंबं हवीत आणि प्रत्येकासमोर एक ओळ हवी. नकाशावर शोधून गाडी काढणाऱ्या माणसाला, आणि त्या गावातल्या माणसांनाही, एवढं देणं लागतो आपण.

उंचीच्या आकड्यांवर लोक फार भांडतात, म्हणून त्यातली गोम थोडी समजून घेऊ. कळसूबाई १६४६ मीटर, हे शाळेपासून पाठ असतं. या आकड्याला ३.२८०८ ने गुणा. ५४०० फूट येतात, जवळपास नेमके. इतका गोल आकडा निसर्गात क्वचित सापडतो. फुटातला मूळ आकडा कुणीतरी गोल केला आणि मग त्याचं मीटरमध्ये रूपांतर झालं, अशी शंका इथं घ्यायला हवी. जुन्या इंग्रजी लिखाणात ५,४२७ फूट असाही आकडा मिळतो, त्याचे १६५४ मीटर होतात. फरक आठ मीटरचा. शिखराच्या क्रमाला याने काही धक्का लागत नाही, कारण राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं साल्हेर १५६७ मीटरवर आहे. पण ‘१६४६’ हा आकडा चारही अंक मोजून काढल्यासारखा दिसतो, आणि कदाचित तसा नाही, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

बरं, माथ्यावर जाऊन मोबाइलवर उंची पाहिली तर? तिथंही सावध राहा. उपग्रहावरून मिळणारी उंची मुळात पृथ्वीच्या एका गणिती गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते. आपण ज्याला समुद्रसपाटी म्हणतो ती त्या आकाराशी जुळत नाही. आपल्या भागात दोन्हींत साठ मीटरच्या आसपास फरक पडतो. काही अ‍ॅप ही दुरुस्ती करून आकडा दाखवतात, काही करत नाहीत. म्हणून एकाच शिखरावर उभ्या असलेल्या दोन मित्रांचे फोन साठ मीटरने भांडू शकतात. उपग्रहाच्या चित्रांवरून बनवलेले उंचीचे नकाशे वेगळ्याच तऱ्हेने चुकतात. ते जमिनीचे तीसेक मीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची देतात. पठार असेल तर बिघडत नाही. कळसूबाईच्या माथ्यासारखी देवळापुरती जागा असेल तर आजूबाजूचा उतार त्या सरासरीत मिसळतो आणि शिखर कागदावर बुटकं होतं. कड्यावर तर याहून वाईट, कारण एकाच चौकोनात माथाही येतो आणि दरीही.

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे या कामात आजही मला सर्वात भरवशाचे वाटतात. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दर वीस मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. रेषा दाटीवाटीने आल्या की चढ खडा, विरळ झाल्या की सपाटी. हे एकदा डोळ्याला बसलं की कुणी लिहिलेलं ‘सोपी चढाई’ तपासायला पाच मिनिटं लागतात. रेषा मोजा, वीसने गुणा. चालायच्या वेळेचा एक जुना ठोकताळाही आहे. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला वरून एक तास. कोकणकड्याजवळ दोन वाड्यांमधलं अंतर नकाशावर तीन किलोमीटर दिसेल आणि मधे घळ उतरून चढावी लागली तर अर्धा दिवस जाईल. स्थानिक माणूस अंतर वेळेत सांगतो, ते म्हणूनच. ‘निघाला तर जेवणवेळेला पोचशील’ हे किलोमीटरपेक्षा जास्त अचूक उत्तर आहे. फक्त ती वेळ त्याच्या पायांची आहे, हे आपण लक्षात घ्यायचं.

पावसाचा आकडा वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे मापक कुठं आहे. अकोले तालुक्याची सरासरी ही जवळजवळ निरर्थक गोष्ट आहे. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि पूर्वेला अकोले गावापर्यंत येईतो ढग रिकामे होतात, तिथं त्याचा लहानसा हिस्साच पोचतो. सरासरी काढली की येणारा पाऊस या दोहोंपैकी कुठंच पडत नाही. दुसरं म्हणजे दिवस कुठून कुठवर धरला आहे. हवामान खात्याचा चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. म्हणजे पंधरा तारखेच्या नोंदीत बहुतेक पाऊस चौदा तारखेचा असतो. दरड, पूर, शेतीचं नुकसान यांचा हिशेब लावताना हा एक दिवसाचा फरक माणसाला खोटं ठरवू शकतो. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची रेषा ओलांडली की अतिवृष्टी धरतात, आणि मंडळाचा मापक दोन डोंगर पलीकडे असेल तर ज्याचं शेत वाहून गेलं त्याच्या नोंदीला ‘पाऊस कमी’ येतो. अशा वेळी मापक कुठं आहे हे विचारणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे असं मी मानतो.

इतिहासाच्या दाव्यांसाठीही प्रवरेच्या पाण्यासारखीच आतली कसोटी लावता येते. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराविषयी ‘नवव्या शतकातलं हेमाडपंती मंदिर’ असं सर्रास लिहिलेलं असतं. हेमाद्री पंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. ज्याच्या नावाने शैली ओळखली जाते तो मंदिरानंतर चारशे वर्षांनी जन्मतो, हे कसं? उत्तर असं की मराठीत चुना न वापरता रचलेल्या कुठल्याही जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणायची सवय पडली आहे. शब्द बोलण्यात राहू द्या, पण त्यावरून काळ ठरवू नका. या मंदिराचं श्रेय परंपरा शिलाहार राजा झंझ याला देते, नद्यांच्या उगमांवर त्याने बारा शिवमंदिरं बांधली असं सांगते. ‘परंपरा सांगते’ हे दोन शब्द मात्र ठेवलेच पाहिजेत. ते गाळले की दंतकथेचा शिलालेख होतो.

मग खात्री कुणाकडून करायची? मी तरी एक क्रम पाळतो. नाव आणि हद्दीसाठी महसुली नोंद. आकार-उंचीसाठी सर्व्हेचा नकाशा. धरणासाठी जलसंपदा खात्याची आकडेवारी, जिथं भंडारदऱ्याची साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट अशी नेमकी मिळते. आणि वाट, पाणी, वस्ती यांसाठी तिथं राहणारी माणसं. हा शेवटचा साक्षीदार कमी दर्जाचा नाही. काही प्रश्नांना त्याच्यापेक्षा चांगला साक्षीदारच नाही, फक्त त्याला त्याच्या कक्षेतलं विचारावं. आजोबांना डोंगराची उंची मीटरमध्ये विचारू नये. कुठला झरा वैशाखात टिकतो ते विचारावं.

दोन वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरच्या एका वाडीत मी नकाशाची छापील प्रत घेऊन बसलो होतो. वाडीपासून खालच्या टाक्यापर्यंत तुटक रेषेने पायवाट दाखवलेली होती. मी त्याच दिवशी ती चालून आलो होतो, अगदी जिथल्या तिथं होती. मनात बरोबरची खूण करून टाकली. ओट्यावर नागली पाखडत बसलेल्या आजींना सहज दाखवलं, म्हटलं, “आजी, ही वाट बरोबर काढलीय बघा यांनी.” त्यांनी बोटाने ती रेषा वरपासून खालपर्यंत चाचपली. म्हणाल्या, “वाट हाय की. पर पावसाळ्यात ती वाट नसती बाबा, ओढा असतो. तवा आम्ही वरून जातो, देवाच्या राईतून.” वरच्या बाजूला, राईतून, नकाशावर काहीच नव्हतं. मी त्यांच्या नातवाबरोबर तिथं गेलो. दगडांवर पायांनी झिजलेली गुळगुळीत वाट होती, कित्येक पिढ्यांची. परत येऊन पेन्सिलने ती नवी रेषा काढली आणि जुन्या रेषेशेजारी लिहिलं: दिवाळी ते मृग वाट, पुढे ओढा.